कलेक्टरचं अळणी

योनाबापूंनी तोंडातला तुकडा डाव्या गालातून उजव्या गालात नेला, तिथून परत डावीकडे आणला, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मेला, पर कलेक्टर काय नमला नाय बगा."

पंगत हसली. आधी बापूंच्या शेजारचे हसले, मग समोरचे, मग पार चर्चच्या पायऱ्यांपर्यंत बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पोरांना तर तेवढंच हवं होतं. एकाने पत्रावळीवरचा तुकडा उचलून कुत्र्यापुढे टाकला. कुत्र्याने तो हुंगला, दातांत धरला, थोडा वेळ झटापट केली आणि तिथेच सोडून निघून गेला. त्यावर आणखी एक हशा झाला. हसू मलाही येत होतं, पण पाळकाला अशा वेळी ते भाताच्या घासाबरोबर गिळून टाकावं लागतं.

पंगतीच्या टोकाला राहेलमावशी बसल्या होत्या. त्या कुत्र्याकडे बघत होत्या. मग त्यांनी भोवतालच्या पत्रावळींकडे पाहिलं. भात संपला होता, आमटी संपली होती, आणि प्रत्येक पत्रावळीच्या कडेला तो भुरकट मांसाचा तुकडा तसाच पडला होता. मावशी उठल्या, हातसुद्धा न धुता घराकडे चालू लागल्या. माझ्या बायकोने, एस्तेरने, वाढता वाढता हातातली आमटीची बादली खाली ठेवली आणि त्या कोपऱ्यावरून दिसेनाशा होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली.

कलेक्टर कोण, हे सांगायला हवं. कलेक्टर हा टर्की कोंबडा. माझी पाळक म्हणून पहिली नेमणूक शेवगावच्या पलीकडे हिवरवाडीला झाली, तेव्हा गावातल्या ख्रिस्ती वस्तीत मला सगळ्यात आधी सलाम करायला आला तो हाच. सलाम कसला, अंगावर धावून आला. छाती फुगवलेली, शेपटीचा पंखा उभारलेला, गळ्याखाली तांबडं लोंबतं कातडं, आणि चाल अशी की जणू सगळा तालुका ह्याच्याच ताब्यात आहे. म्हणून त्याचं नाव कलेक्टर. राहेलमावशी लहानपणी मिशनच्या बंगल्यात आया होत्या. गोरे साहेब आणि मडम देश सोडून गेले तेव्हा जाताना त्यांना टर्कीची एक जोडी देऊन गेले. त्या जोडीची पिलं, पिलांची पिलं असं करत करत शेवटी एकटा कलेक्टर उरला होता. मावशींचं त्याच्यावर पोटच्या पोरासारखं प्रेम, आणि योनाबापूंचं त्याच्याशी हाडवैर. कारण मावशींच्या अंगणाला लागून बापूंचं हरभऱ्याचं रान, आणि कलेक्टरला हरभऱ्याचे घाटे फार आवडत. एकदा त्याने बापूंना भर वस्तीतून चर्चच्या दारापर्यंत पळवत आणलं होतं. बापू चर्चच्या मंडळीतले वडील, पंच, वजनदार माणूस. ते धोतर सावरत पळाले हे गाव विसरलं नव्हतं, बापू तर मुळीच विसरले नव्हते.

असा हा कलेक्टर मावशींनी कापणीच्या सणाला देवाला दिला.

आमच्याकडे हा सण असा होतो. शनिवारी जो तो आपल्या रानातलं, गोठ्यातलं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवतो. कोणी ज्वारीची पेंढी, कोणी भोपळा, कोणी अंडी, कोणी कोंबडी. मग बाहेर लिंबाखाली त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि एक साधं वांगंसुद्धा मोठ्या चढाओढीने जातं. रविवारी उपासना आणि प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांची एकत्र पंगत. या लिलावाला एकच नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असावा इतका पक्का आहे. आपण दिलेल्या वस्तूवर आपण बोली लावायची नाही, आणि ती वस्तू कुठल्याही वाटेने आपल्या घरात परत येऊ द्यायची नाही. दिलं ते देवाचं झालं.

मावशींनी कलेक्टर का दिला, तेही सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा दानीएल उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॉली उलटली आणि तो खाली सापडला. नगरच्या दवाखान्यात त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टर अजून पुरतं काही सांगत नव्हते. मालन, मावशींची सून, त्याच्या उशाशी होती. मावशी शेरडं-करडं बघायला आणि सणाला कलेक्टर वाहायला म्हणून मागे राहिल्या होत्या. कलेक्टर देवाला द्यायचा आणि सोमवारच्या पहिल्या एस्टीने पोराकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

लिलावात योनाबापूंनी कलेक्टरवर जी बोली लावली ती ऐकून लिंबाखालची माणसं एकमेकांकडे बघू लागली. नंतर कुजबुज सुरू झाली. बापूंनी सूड उगवला म्हणे, आता चवीने खाणार त्याला. बापूंनी कोणाकडे पाहिलं नाही. ते एवढंच म्हणाले, "उद्याच्या पंगतीला माझ्याकडून. राहेलला इचारा कसा करायचा ते. तिला बंगल्यातलं ठाव हाये."

मावशींनी मोठ्या मानाने सांगितलं, बंगल्यात तो अख्खा भाजायचे आणि रात्रभर ठेवायचे. म्हणून कलेक्टरला शेजारच्या गावातल्या पाववाल्याच्या भट्टीत घालून, दार लावून, सकाळपर्यंत ठेवण्यात आलं. सकाळी जे बाहेर आलं त्याला कोणता शब्द लावावा ते मला आजही कळत नाही. तीन बायकांनी मिळून त्याचे तुकडे केले, आणि त्यातल्या दोघींनी मध्येच आपापल्या विळ्याला धार लावून आणली.

जेवणं उरकल्यावर मी मावशींच्या घरी गेलो. त्या भिंतीकडे तोंड करून गोधडीत पडल्या होत्या. मालनचा भाऊ सणाला आला होता, तो दारात अवघडून उभा होता. नगरहून निरोप घेऊन तोच आला होता. डॉक्टरांनी दानीएलला आता तोंडाने पातळ द्यायला सांगितलं होतं. पेज, ताक, काहीही. पण तो दोन घोट घेऊन तोंड फिरवायचा आणि आई कधी येणार म्हणून विचारायचा.

"मावशी, चांगली बातमी आहे," मी म्हणालो. "तोंडाने द्यायला लागलेत. उद्या पहिल्या गाडीने निघायचं ना?"

"म्या न्हाय जायची."

"का?"

"काय म्हून जाऊ? वाईट ऐकायला?" त्या भिंतीशीच बोलत होत्या. "देवानं घेतला न्हाय माझा कोंबडा. घेतला असता तर त्याची अशी दशा झाली असती व्हय? कुत्र्यानंबी खाल्ला न्हाय पाळकसाहेब. तुमीबी बघितलं. देवानं माझं दान उकिरड्यावर टाकलं. आता पोराचं काय व्हनार ते मला कळलं."

मी बोललो. सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या कॉलेजातून, नुकताच बाहेर पडलो होतो, माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. देव दान बघत नाही, मन बघतो. मांस शिजलं की नाही यावर त्याची कृपा अवलंबून नसते. हे मी वचनांच्या आधाराने, मुद्देसूद, दोन वेगवेगळ्या बाजूंनी समजावून सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं आसंल," त्या म्हणाल्या. "पर कोंबडा काय तुमी दिला नव्हता."

त्यांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पंगतीतला भातही तसाच टाकला होता, आता पाणीही नको म्हणाल्या. मी उठलो. बाहेर पडताना मला स्वतःचा आवाज अजून कानात ऐकू येत होता आणि तो मला अजिबात आवडत नव्हता.

घरी आलो तर एस्तेर स्वयंपाकघराच्या मागे, अंगणात, पाटावर बसली होती. पुढ्यात कलेक्टरची परात होती. पंगतीत वाढलेलं गेलं ते गेलं, पण निम्म्याहून जास्त कोंबडा कोणी वाढूनच घेतला नव्हता. पाठीचा सांगाडा, मानेची हाडं, मांड्या, सगळं परातीत होतं. ती जळकी कातडी सोलून बाजूला टाकत होती आणि हाडं वरवंट्याने ठेचत होती.

"काय म्हणाल्या मावशी?" तिने मान वर न करता विचारलं.

मी सगळं सांगितलं. माझे मुद्देही सांगितले. तिने ते ऐकून घेतले, मावशींपेक्षा थोड्या कमी धीराने.

"दानीएलला पातळ द्यायला सांगितलंय?" तिने मध्येच विचारलं. "नक्की?"

"हो. पण प्रश्न तो नाहीये, एस्तेर. प्रश्न असा आहे की त्यांचा विश्वासच..."

"अहो, तेवढी चूल पेटवता का? लाकडं ओली आहेत, फुंकावं लागेल."

माझ्या बायकोची ही रीत मला तेव्हा नवीन होती. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. ती वाद घालायची नाही. आपण बोलत असायचो आणि ती आपल्या हाताला काम लावायची. मी चूल फुंकत बसलो. तिने मोठ्या पातेल्यात ठेचलेली हाडं घातली, वर पाणी ओतलं, आणि ते आधणाला येईपर्यंत कांदे निखाऱ्यात भाजून घेतले. मग लसणाच्या पाकळ्या, ठेचलेलं आलं, कोथिंबिरीच्या काड्या, हळद, धणे, मोजकी मिरी. तिखट नाही. असं तिखट न घातलेलं कोंबडीचं पाणी म्हणजे आमच्याकडचं अळणी; नाव अळणी, पण मीठ शेवटी पडतंच. लेकरांना, बाळंतिणीला, आजाऱ्याला देतात. उकळी आली की ती वरचा काळपट फेस पळीने काढायची, आच कमी करायची, आणि पुन्हा तासभर बघायची नाही. पातेल्यातलं पाणी आधी गढूळ होतं, मग पिवळसर झालं, आणि ऊन उतरेपर्यंत त्याला सोन्याचा रंग चढला. त्या लाकडासारख्या कोंबड्यात एवढं काही शिल्लक होतं हे मला पातेल्यात डोकावून बघितलं तरी खरं वाटेना.

"हे मावशींना नेऊन देणार आहेस?" मी विचारलं. "त्या घेणार नाहीत. आपलं दान त्या तोंडाला लावणार नाहीत."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही योनाबापूंना बोलावून आणा."

"बापूंना? आज त्यांच्यामुळेच तर..."

"त्यांना सांगा, पाळकीणबाईंना एक परवानगी हवी आहे."

परवानगी हा शब्द मंडळीच्या वडिलांसाठी असतो. बापू लगेच आले. डोक्याला फेटा बांधून आले. ओट्यावर बसले आणि इकडेतिकडे बघू लागले. वास त्यांच्यापर्यंत पोहोचला होता, पण ते पाहुण्यासारखे गप्प होते.

"बापू, चुकून तुमच्या कोंबड्याला हात लावला," एस्तेर म्हणाली. "उरलेलं टाकवेना. हाडं उकळायला घातलीत. तुम्ही बोली लावून घेतलेली वस्तू, तुम्हाला न विचारता केलं."

"त्या लाकडाला कुनी इचारतंय व्हय बाई."

"तरी तुमचंच आहे ते. चव बघून सांगा, ठेवू की ओतून देऊ."

तिने माझ्या प्रवचनाच्या दिवशीच्या पांढऱ्या रुमालातून अळणी गाळलं, वर मीठ घातलं आणि कपभर बापूंच्या हातात दिलं. माझ्या रुमालाचं काय झालं ते मी बघितलं, पण ती वेळ बोलायची नव्हती. बापूंनी एक घोट घेतला. मग थांबले. मग कप दोन्ही हातांत धरून सावकाश सगळं प्यायले, आणि कप पुढे केला. एस्तेरने पुन्हा भरला. तोही त्यांनी संपवला.

"ह्यो त्योच कोंबडा?" बापूंनी विचारलं.

"तोच."

बापू कपाच्या तळाकडे बघत होते. "माझी जीब लई वाईट हाये बाई," ते म्हणाले. "लोकं म्हनत्यात म्या दुस्मनी काडायला बोली लावली. म्या म्हनलं म्हनू द्या. तिचं पोरगं तिकडं मरायला टेकलंय, आन तिच्या कोंबड्याला बोली कमी आली आसती तर तिला काय वाटलं आसतं? म्हून चडवली. आन मंग पंगतीत ह्या तोंडानं सगळं नासवलं."

एस्तेरने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पातेल्यावर झाकण ठेवलं. मग अगदी सहज, गाळलेल्या हाडांची परात उचलता उचलता म्हणाली, "दानीएलला आता पातळ द्यायला सांगितलंय म्हणे. दवाखान्याची पेज त्याला जात नाहीये."

बापूंनी कप खाली ठेवला.

"सकाळची गाडी किती वाजता हाये?" ते मला म्हणाले. "बाई, ह्ये किटलीत भरून ठेवा."

"पण बापू, मावशी काय म्हणतील?" एस्तेर म्हणाली. "त्यांनी देवाला दिलेलं, ते त्यांच्याच घरात परत..."

"तिनं दिला, म्या घेतला." बापूंचा आवाज पंचांच्या बैठकीतला झाला. "आता कोंबडा माझा हाये. माझ्या कोंबड्याचं पानी म्या कुनालाबी पाजीन. तिला मधी पडायचं काय कारन?"

बापू गेल्यावर मी एस्तेरकडे बघत राहिलो. बापूंना वाटत होतं हे सगळं त्यांच्याच डोक्यातून निघालं. मलाही जवळजवळ तसंच वाटलं होतं. मग मला ते तिखट न घातलेलं पातेलं दिसलं. मी मालनच्या भावाचा निरोप सांगितल्यापासून तिने त्यात चिमूटभरसुद्धा लाल तिखट टाकलं नव्हतं. माझे दोन बाजूंचे मुद्दे चालू असताना या बाईने दवाखान्यातला पेशंट धरून स्वयंपाक केला होता. मला तिचा इतका अभिमान वाटला की काय बोलावं ते सुचेना. म्हणून मी रुमालाबद्दल बोललो.

सकाळी आम्ही तिघं मावशींच्या दारात गेलो. धुकं होतं, शेरडं ओरडत होती. मावशी रात्रीसारख्याच गोधडीत होत्या, आणि चुलीत राख थंड पडली होती. मला वाटलं, बापू माफी मागतील, दोन समजुतीचे शब्द बोलतील. बापूंनी तसलं काही केलं नाही. दारात उभं राहून म्हणाले, "राहेल, ऊठ. मला दवाखान्याचा वारड ठाव न्हाय. दाव चल."

"तुमाला काय करायचंय तिथं?"

"दान्याला माझ्या कोंबड्याचं पानी पाजायचंय."

मावशी झटकन उठून बसल्या. किटलीकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. "न्हाय," त्या म्हणाल्या. "त्ये देवाचं हाये. त्ये माझ्या घरात यायचं न्हाय. माझ्या पोराच्या तोंडाला लावू नका त्ये. आदीच देवानं तोंड फिरवलंय आमच्याकडनं."

"तुज्या घरात कुठं येतंय? दवाखान्यात चाललंय. आन तू हात लावू नगंस, मी धरतो. लिलाव सगळ्या मंडळीम्होरं झालाय. पाळकसाहेब, सांगा, कोंबडा कुनाचा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सेमिनरीत असा प्रश्न कधी निघाला नव्हता. "बापूंचा," मी म्हणालो. हिवरवाडीत त्या पूर्ण नेमणुकीत मी दिलेला सगळ्यात लहान निर्णय हाच, आणि कदाचित सगळ्यात बरा.

मावशी आल्या. आल्या त्या किटलीसाठी नाही. बापूंसारखा माणूस आपल्याला वाट विचारतोय आणि आपण नाही म्हणतोय, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. एस्टीत त्या किटलीपासून चार बाकं लांब, पुढे जाऊन बसल्या. बापूंनी गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेली किटली मांडीवर धरली होती. गाडी खड्ड्यातून गेली की ते दोन्ही हात झाकणावर दाबायचे आणि तोंडाने हाय हाय करायचे, कारण एस्तेरने निघताना पुन्हा उकळून भरल्यामुळे ती चांगलीच कढत होती. मी म्हणालो, मी धरतो. त्यांनी दिली नाही.

एस्तेर माझ्या शेजारी बसली होती. पाथर्डी फाट्याच्या आसपास ती हळूच म्हणाली, "माझे आजोबा साहेबाच्या बंगल्यात खानसामा होते, तुम्हाला माहीत आहे ना. ते सांगायचे, टर्की रात्रभर भिजत ठेवायचे. भाजायचं दुसऱ्या दिवशी, लोण्याचं बोट फिरवत फिरवत. मावशी पोरांना झोपवायच्या, त्यांनी फक्त 'रात्रभर' एवढंच ऐकलं असणार."

"मग हेच त्यांना सांग ना," मी म्हणालो. "म्हणजे कळेल की देवाचा काही संबंध नाही. नुसती स्वयंपाकातली चूक."

ती माझ्याकडे वळली. "आज त्यांना असं सांगू, की दान तुमच्याच सांगण्याने नासलं, पोराचं नुकसान तुमच्याच हाताने झालं?" ती म्हणाली. "हे आपण दोघांनी कधी कोणाला सांगायचं नाही." मावशी होत्या तोवर आम्ही ते पाळलं.

वॉर्डात दानीएल भिंतीकडच्या खाटेवर होता. आडदांड गडी होता तो, पण पार वाळला होता, गालांची हाडं वर आली होती. आईला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला. मालनने त्याला धरलं. मावशी त्याच्या पायाशी उभ्या राहिल्या आणि त्याच्या पायावरून हात फिरवू लागल्या. त्यापुढे, तोंडाजवळ, त्या गेल्या नाहीत.

बापूंनी किटली उघडली. नर्सबाईंना विचारून एस्तेरने कपात ओतलं, चमच्याने ढवळत, फुंकर घालून थंड केलं. दानीएलने पहिला चमचा नाखुशीने घेतला. मालन नजर चुकवून दुसरीकडे बघू लागली, तिला पुढचं माहीत होतं, आता तो तोंड फिरवणार. त्याने फिरवलं नाही. दुसरा चमचा घेतला. तिसऱ्याला त्याने एस्तेरच्या हातातून चमचा काढून बाजूला ठेवला आणि कपच तोंडाला लावला.

"आई, कशाचं हाये गं?" त्याने विचारलं.

मावशींचा हात पायावर तसाच थांबला होता.

"माझ्या कोंबड्याचं," बापू म्हणाले. "पी गुमान."

दानीएल पीत राहिला. मधून मधून थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा प्यायचा. सगळं आत राहिलं. मावशी आता त्याच्या गळ्याकडे बघत होत्या. प्रत्येक घोटाला तो कसा हलतो तेवढंच बघत होत्या. हळूहळू त्या पायापासून कमरेपाशी आल्या, कमरेपासून उशाशी आल्या. मालन उठली आणि तिने त्यांना स्टूल दिलं.

कपात थोडं उरलं तेव्हा दानीएल मागे टेकला. "बास," तो म्हणाला. मग आईच्या तोंडाकडे नीट बघून म्हणाला, "तू काय खाल्लंस?"

"खाल्लंय म्या."

"खोटं बोलती. व्हट बघ तुजे." त्याने कप तिच्या पुढे केला. "घे. माजं उष्टं हाये. टाकू नगंस."

 बापूंनी तोंड उघडलं आणि एस्तेरने त्यांच्याकडे बघितलं, तसं मिटलं. मावशींनी कप हातात घेतला. आत बघत राहिल्या. लहानपणापासून या पोराने ताटात टाकलेला प्रत्येक घास त्यांनीच संपवला असणार. कोणत्या आईने नाही संपवला? ते काही कोणाचं दान नव्हतं, कोणाचा कोंबडाही नव्हता. ते त्यांच्या लेकराचं उष्टं होतं, आणि ते त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी कप तोंडाला लावला आणि एका दमात तळापर्यंत प्यायल्या. मग बोट आतून फिरवून तेही चाटलं.

 मावशींनी पदराने तोंड पुसलं, जिभेने एकदा ओठांवरून चव घेतली आणि एस्तेरकडे वळल्या.

"वाईच धुरकटलंय बाई," त्या म्हणाल्या. "लाकडं वली व्हती का?"

"हो मावशी," एस्तेर म्हणाली. "ओली होती."

"वली लाकडं आसली की झाकन उगडं ठिवत न्हाईत. ध्येनात ठिव. आन दे अजून हाये का त्यात, त्याला दुपारला लागंल." त्यांनी बापूंच्या मांडीवरून किटली स्वतःच्या हाताने उचलली, उरलेलं मालनच्या पातेल्यात ओतलं, त्यावर ताटली झाकली, आणि रिकामी किटली एस्तेरच्या हातात दिली.

एस्तेर ती धुवायला बाहेर नळावर गेली. बराच वेळ झाला तरी आली नाही म्हणून मी बघायला गेलो. किटली केव्हाच लख्ख झाली होती. नळ चालू होता, आणि ती पाठमोरी उभी राहून तीच किटली पुन्हा पुन्हा धुत होती.